बारा नंबरच्या आजींचं पोटॅशियम

१

मंगळवारी दुपारी पाऊणच्या सुमाराला बारा नंबरच्या आजी बोलता बोलता थांबल्या, त्यांनी डोळे फिरवले आणि अंगाला झटके यायला लागले. पाच मिनिटांपूर्वी त्या सुनेला उशी नीट लावता येत नाही म्हणून झापत होत्या. साखर तपासली तर तीस. सत्तरच्या खाली गेली तरी आम्ही धावत सुटतो, इथे तीस. आजींना आयसीयूत हलवलं आणि संध्याकाळी पाचच्या आत गुन्हेगारही ठरला. वॉर्डातली धाकटी सिस्टर. तिला तिथल्या तिथे निलंबित केलं.

मी या इस्पितळाची मेट्रन. एकतीस वर्षं झाली. सगळे मला मोठ्या बाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे आणि त्यातलं निम्मं खरं आहे.

झालं होतं ते असं. आजींच्या किडन्या जरा कमजोर, पायांना सूज, म्हणून त्या दाखल. सकाळी नेहमीसारखं रक्त तपासायला गेलं. साडेदहाला लॅबचा फोन आला की पोटॅशियम आठ आहे. पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. तो पाचाच्या वर गेला की आम्ही सावध होतो, आणि आठावर हृदय कोणत्या क्षणी बंद पडेल याचा नेम नाही. रेसिडेंट डॉक्टरांनी लगेच उपचार लिहिला. दहा युनिट इन्शुलिन आणि सोबत ग्लुकोज. इन्शुलिन पोटॅशियमला रक्तातून बाहेर ढकलतं, ग्लुकोज साखर सांभाळतं. धाकट्या सिस्टरनं ते दिलं. दोन तासांनी आजींना झटके आले आणि नव्या तपासणीत पोटॅशियम निघालं तीन.

दोन तासांत आठाचे तीन. दहा युनिटनं हे होत नाही. शंभर गेले तर होईल. इन्शुलिन देताना दोन सिस्टरांनी मात्रा बघून सह्या करायच्या हा नियम आहे, आणि कागदावर सही एकच होती.

शनिवारी सकाळी अकराला चौकशी समिती बसणार होती. पत्र आधीच टाइप होऊन अधीक्षकांच्या टेबलावर पडलं होतं, ते मी उलटं वाचलं. उलटं वाचता येणं ही मेट्रनला लागणारी पहिली विद्या. त्यात लिहिलं होतं, नोकरीतून कमी करावं आणि नर्सिंगचा परवाना कायमचा रद्द करण्याची शिफारस व्हावी.

म्हणजे त्या पोरीनं पुन्हा आयुष्यात कुणाच्या कपाळाला सिस्टर म्हणून हात लावायचा नाही. मी अधीक्षकांना म्हटलं, मला शनिवारपर्यंत वेळ द्या. ते म्हणाले, वेळ घ्या, पण उत्तर यापेक्षा वेगळं निघणार नाही.

मला कुणी असं सांगितलं की माझं डोकं फिरतं.

२

गुरुवारी सकाळी धाकटी सिस्टर माझ्या खोलीत आली तेव्हा तिचा गणवेश इस्त्रीचा होता. निलंबित झालेली बाई गणवेश घालून का आली म्हणून मी विचारलं. आईला अजून सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ड्युटीला म्हणून घरातून निघायची आणि वाचनालयात बसून दुपारी परत जायची.

मी तिला सरळ विचारलं, किती युनिट दिलेस. ती म्हणाली, दहा. खात्री आहे का? ती म्हणाली, सिरिंज उजेडाकडे धरून दोनदा बघितली. मग दुसरी सही का नाही?  ती म्हणाली की त्या सकाळी चोवीस खाटांना ती एकटीच होती. दुसऱ्या सिस्टरला बाळंतपणाच्या वॉर्डात पाठवलं होतं.

तिला पाठवणारी मीच. पाळ्या मी लावते. पोरगी हे कुणाजवळ एकदाही बोलली नव्हती, आणि मी मंगळवारपासून तोऱ्यात नियम सांगत हिंडत होते. मला माझीच लाज वाटली.

मग रेसिडेंट डॉक्टरांना गाठलं. तीन रात्री झोप नसल्यासारखा चेहरा, बोलणं मात्र पक्कं. आठ पोटॅशियम ऐकल्यावर दुसरा नमुना मागवून वाट बघायची का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, ईसीजी काढला होता ना? काढला होता. पोटॅशियम एवढं वाढलं की त्या रेघांचे उंच सुळके होतात. इथे काय दिसलं?

डॉक्टरांनी कबूल केलं, ईसीजी नॉर्मल होता. कधीकधी असतो, म्हणाले.

कधीकधी असतो, हे खरंच आहे. पण मला तिथे पाणी मुरताना दिसलं. आठ पोटॅशियमवाली बाई उशीवरून भांडत होती, तिच्या हृदयाला पत्ताच नव्हता. मी रेकॉर्ड विभागात जाऊन आजींची फाइल मागितली आणि पहिल्या कागदापासून वाचायला बसले.

सतराव्या कागदावर मला दिसलं की मंगळवारी सकाळी अकरा वाजताच आजी मेलेल्या असायला हव्या होत्या.

३

तो कागद म्हणजे त्याच सकाळच्या रक्ताचा दुसरा रिपोर्ट. पोटॅशियमचा फोन आला साडेदहाला. कॅल्शियम दुसऱ्या यंत्रावर होतं, त्याचा छापील कागद आला अकरानंतर. तोवर सगळे उपचाराच्या धावपळीत. कुणीतरी कागद फाइलला लावला आणि वाचला कुणीच नाही. त्यावर कॅल्शियम होतं तीन.

साधारण माणसाचं नऊच्या आसपास असतं. साताच्या खाली गेलं की बोटं वाकडी होतात, हातपाय आखडतात. तीनवर माणूस जिवंत सापडत नाही. आणि दुपारच्या तपासणीत तेच कॅल्शियम पुन्हा नऊ, कुणी काहीही न देता. आजींच्या अंगातलं कॅल्शियम तीन तासांत काय फिरायला गेलं होतं?

पोटॅशियम अफाट वाढलेलं आणि कॅल्शियम अफाट घटलेलं. ही जोडी मला आधी कुठेतरी भेटली होती. रुग्णात नव्हे. मी डोळे मिटून बसले. रेकॉर्डवाल्या बाईंना वाटलं मला डुलकी लागली, त्यांनी पंखा वाढवला.

आठवलं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं. रक्त घेतात त्या नळ्यांना रंगीत झाकणं असतात. पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू देतात आणि पोटॅशियम, कॅल्शियम त्यातूनच मोजतात. जांभळ्या झाकणाची नळी पेशी मोजायला. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून तळाशी एक औषध आधीच असतं. ते औषध कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं, आणि ते स्वतः पोटॅशियमचा क्षार आहे.

म्हणून जांभळ्या नळीतलं रक्त पिवळ्या नळीत कधीही ओतायचं नाही. एक थेंबसुद्धा नाही. आमच्या ट्यूटरबाईंनी हे वाक्य वहीत दहा वेळा लिहून घेतलं होतं.

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. समितीत दोन सर्जन आणि एक वकील होते. मी रेसिडेंट डॉक्टरांना बोलावलं आणि बाही वर केली.

४

त्यांनी माझं रक्त घेतलं आणि जांभळी नळी भरली. पिवळ्या नळीत थोडं घातलं. मग मी जांभळीतलं थोडं पिवळीत माझ्या हातानं ओतलं, खोटा नंबर चिकटवून नळी लॅबला धाडली आणि चहा मागवला.

चाळीस मिनिटांनी माझ्या टेबलावरचा फोन घणघणला. लॅबमधला मुलगा धापा टाकत बोलत होता. या नंबरचा रुग्ण कुठल्या वॉर्डात आहे, पोटॅशियम साडेआठ आहे, ताबडतोब डॉक्टर पाठवा.

मी म्हटलं, "रुग्ण चहा पितेय. कॅल्शियम किती ते तेवढं बघून सांग."

कॅल्शियम निघालं अडीच.

डॉक्टर समोरच उभे होते. त्यांचा चेहरा उतरत गेला. म्हणजे आजींचं पोटॅशियम कधी वाढलंच नव्हतं, ते हळू आवाजात म्हणाले. बरोबर. मी म्हटलं, ते आधीपासून चारच्या आसपास होतं. चार असताना दहा युनिट दिले तर ते तीनवर येणारच. आणि कमजोर किडनीत इन्शुलिन जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून साखर पडली. पोरीनं दहाच युनिट दिले होते. शंभराची गोष्ट आपल्या डोक्यातून निघाली, कारण आपण त्या आठावर विश्वास ठेवला.

गुरुवार संध्याकाळपर्यंत मी इथवर आले होते. आता कुणी ओतलं एवढंच राहिलं होतं, आणि तिथेच माझ्या तोंडचं पाणी पळालं. वॉर्डात घेतलेलं रक्त लगेच लॅबला जात नाही. मावशी येऊन ट्रे नेईपर्यंत तो सिस्टरच्या टेबलावर असतो. मंगळवारी तो वीस मिनिटं तिथे होता आणि टेबलाशी होती एकटी धाकटी सिस्टर.

मी तिला एका आरोपातून काढून दुसऱ्यात घालत होते की काय?

५

लॅबच्या मुख्य डॉक्टरबाई आणि मी एकमेकींना फारशा आवडत नाही. त्या मला आगाऊ समजतात, मी त्यांना शिष्ट समजते. शुक्रवारी सकाळी मात्र मी माझा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या की हे मंगळवारीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग स्वतः उठून फ्रीज उघडला. तपासलेल्या नळ्या आठवडाभर ठेवतात.

आजींच्या दोन्ही नळ्या सापडल्या. जांभळीवर भरायची रेघ असते, रक्त त्या रेघेच्या बरंच खाली होतं, आणि तपासणीत तर दोन-चार थेंबच खर्च होतात. पिवळीत मात्र तपासायला जेमतेम लागतं तेवढं बरोबर होतं.

दोन्ही नळ्यांच्या झाकणावरून खाली काचेपर्यंत कागदी पट्टीचे तुकडे चिकटलेले होते, मधोमध कापलेले. मी विचारलं हे काय. बाई म्हणाल्या, ही मुंगीकाकांची पद्धत. बाकी कुणी करत नाही. काका रक्त घेतलं की रुग्णाच्या खाटेशीच झाकणावरून पट्टी लावतात आणि तिच्यावर सही करतात, वाटेत कुणी झाकण उघडू नये म्हणून. इथे आल्यावर ती पट्टी आमचा माणूस कापतो. पट्टी फाटलेली असती तर त्यानं वहीत लिहिलं असतं. वही बघितली. नोंद होती, पट्टी शाबूत.

टेबलावरची वीस मिनिटं निकालात निघाली. पट्टी लागल्यानंतर कुणी काही ओतलेलं नव्हतं. लॅबनंही नाही, कारण लॅबला ओतायचं कारण नव्हतं. रक्त कमी आलं तर ते नमुना परत पाठवतात, त्यांचं काय जातं?

राहिली ती पट्टी लागण्यापूर्वीची दोन मिनिटं, आणि एक माणूस.

मुंगीकाका अठ्ठावीस वर्षं या इस्पितळात रक्त घेतात. सुई लागली तर मुंगी चावल्यासारखी वाटते, म्हणून मुंगीकाका. लहान मुलं, केमोथेरपीवाले, ज्यांच्या शिरा कुणालाच सापडत नाहीत ते सगळे त्यांचीच वाट बघत बसतात. माझ्या आईचं शेवटच्या महिन्यातलं सगळं रक्त त्यांनीच घेतलं. तिच्या हातावर एक डाग राहिला नाही.

माझं मन म्हणालं, काका नव्हेत. मी मनाला गप्प केलं आणि आजींच्या सुनेला शोधायला गेले.

६

सूनबाई आयसीयूबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आजी गुरुवारी शुद्धीवर आल्या होत्या, पण जीभ अजून जड होती. सून म्हणाली, चार दिवस मला कुणी बोललं नाही, घर कसं खायला उठतं. आणि रडायला लागली. सासूच्या बोलण्यासाठी रडणारी सून मी पहिल्यांदाच पाहिली.

ती कपडे शिवते. हे महत्त्वाचं, कारण तिची नजर मापाची आहे. मंगळवारी रक्त घेतलं तेव्हा ती खाटेशीच होती. तिनं सांगितलं की काकांना शीर सापडायला वेळ लागला. सापडली तेव्हा रक्त थेंब थेंब आलं आणि पाचाच्या सिरिंजमध्ये तीनवर थांबलं. आधी जांभळ्या झाकणाची भरली, अगदी रेघेपर्यंत. पिवळ्यात तळाला थोडंसंच पडलं. काका म्हणाले, आजी, पुन्हा एकदा टोचावं लागेल. आजी हात जोडून म्हणाल्या, आता नको रे बाबा, फार दुखतं.

"मग काका म्हणाले, बरं, नाही टोचत," सून म्हणाली. "आणि पाठ करून खिडकीकडे वळले. वळून आले तेव्हा पट्ट्या लावून झाल्या होत्या."

तिनं पाहिलं तेव्हा जांभळी नळी रेघेपर्यंत होती. लॅबमध्ये पोचली तेव्हा रेघेखाली. मधे फक्त काकांची पाठ होती.

रक्त घेण्याच्या खोलीत काका एकटे होते. मी दार लावून घेतलं, तेव्हाच त्यांना कळलं. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. म्हणाले, सहा महिने झाले, बाई. सकाळी जास्त असतं. कुणाला सांगितलं नाही. निवृत्तीला पाच महिने राहिलेत, निभावून नेईन असं वाटलं. अठ्ठावीस वर्षांत कुणाला दुसऱ्यांदा टोचलं नव्हतं, आणि त्या म्हातारीनं हात जोडले.

मी विचारलं, ओतायचं नसतं हे माहीत होतं ना? होतं. थोडंच होतं, चालून जाईल असं वाटलं. आणि त्या पोरीला निलंबित केल्याचं कधी कळलं? मंगळवारी संध्याकाळीच.

तेव्हा माझा संयम सुटला. एवढा वेळ मला त्यांची कीव येत होती, ती जागच्या जागी आटली. मी म्हटलं, "काका, ती पोर रोज गणवेश घालून वाचनालयात बसतेय. तुम्हाला पट्टी लावायला दोन मिनिटं लागली. तोंड उघडायला किती दिवस लागणार होते?"

 मी सांगितलं, उद्या अकराला समिती आहे. तुम्ही बोललात तर तुम्ही, नाहीतर मी. पण ते बोललं जाणार.

शनिवारी अकरा वाजले. समिती बसली. काकांची खुर्ची रिकामी होती.

७

मी दहा मिनिटं वाट बघितली. मग उठले आणि माझाच रिपोर्ट अधीक्षकांपुढे सरकवला. म्हटलं, यावर उपचार सुचवा. त्यांनी वाचून विचारलं, हा रुग्ण कधी गेला? मी म्हटलं, गेलेली बाई तुमच्यासमोर उभी आहे.

एकेक करून सगळं मांडलं. ईसीजी, कॅल्शियम, दोन नळ्या, पट्ट्या. रेसिडेंट डॉक्टर न सांगता उठले आणि म्हणाले, कॅल्शियमचा कागद मी वाचायला हवा होता. लॅबच्या बाई म्हणाल्या, आम्ही त्यासाठीही फोन करायला हवा होता. मी म्हटलं, दुसरी सही नव्हती कारण दुसरी सिस्टर नव्हती, आणि ती पाळी मी लावली होती. हे लिहून घ्या, मोठ्या अक्षरात.

अधीक्षकांनी घसा साफ केला. आजी वाचल्या आहेत, ते म्हणाले, सिस्टरला परत घेऊ, बाकी यंत्राचा दोष म्हणून नोंदवू, उगाच इस्पितळाची बेअब्रू नको. वकीलसाहेबांनी मान डोलावली.

मी म्हटलं, यंत्र बरोबर होतं. माझ्या पोरीवर चार दिवस माणसांनी आरोप केला, तो माणसांनीच मागे घ्यायचा. नाहीतर हा रिपोर्ट मी आजींच्या सुनेच्या हातात नेऊन देते. अधीक्षक म्हणाले, तुम्ही धमकी देताय. मी म्हटलं, हो.

तेवढ्यात दार उघडलं. मुंगीकाका आत आले, मागे सूनबाई. काकांना उशीर झाला होता कारण ते आधी आयसीयूत गेले होते. आजींच्या उशाशी उभं राहून त्यांनी सगळं आजींना आणि सुनेला सांगितलं होतं. आता ते समितीपुढे उभे राहिले आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, "जांभळ्यातलं रक्त पिवळ्यात मी ओतलं. सिस्टरची काही चूक नाही. मला मंगळवारीच कळलं होतं, मी गप्प बसलो. दाराबाहेर यंत्राचं ऐकलं, तसं लिहू नका."

ते पत्र माझ्यासमोर फाडलं गेलं. धाकट्या सिस्टरला बोलावून अधीक्षकांनी सर्वांदेखत माफी मागितली आणि तसं लेखी दिलं. काकांना त्याच दिवसापासून रक्त घेण्याच्या कामावरून काढलं. पुढची चौकशी रीतसर होणार होती, ती टाळावी असं मलाही वाटत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. या पोरीला पहिल्या वर्षी शीर कशी शोधायची ते त्यांनीच शिकवलं होतं, स्वतःच्या हातावर सुया टोचून घेऊन. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "पोरी, माफ कर."

 ती रडली नाही. मग शांतपणे म्हणाली, "काका, रक्त ओतलंत ते मी माफ केलं. माझ्याकडूनही उद्या चूक होईल. पण ते चार दिवस मला माफ करता येत नाहीत. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी मान हलवली. तिनं घड्याळ पाहिलं, मला विचारलं की दुपारची पाळी तिला मिळेल का, आणि वॉर्डाकडे निघून गेली.

काका तिथल्या बाकावर बसले. मीही शेजारी बसले. माझ्या आईचे शेवटचे दिवस या माणसानं सोपे केले होते, आणि तरीही मी त्यांची समजूत घातली नाही. ती पोर बरोबर बोलली होती.